मास्तरांच्या वहीतली माझी कंबर

निवृत्तीनंतर परतूरला माझी रोजची बैठक एका शिंप्याच्या दुकानात असे. दुकान एवढंसं. रस्त्याचं काम चाललेलं, म्हणून धुळीसाठी दार कायम लोटलेलं. आत मशीन चालवणारे मास्तर आणि समोर स्टुलावर मी, मोठ्याने वर्तमानपत्र वाचून जगाच्या चुका काढणारा. त्यांनी मला कधी बोलावलं होतं असं आठवत नाही.

पोळ्याच्या सुमारास मला खोकला लागला. तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाचा घसा, तो खोकणारच, असं निदान मी स्वतःच केलं. वजनही उतरलं. त्याचं श्रेय सकाळच्या फिरण्याला देऊन मी मास्तरांकडून पँट वरचेवर कमी करून घेतली. प्रत्येक वेळी सोबत व्यायामावर व्याख्यान.

संक्रांतीला मास्तरांना टीबी निघाला. त्यांना शुगर; दोन आठवडे खोकला टिकताच ते शहाण्यासारखे दवाखान्यात गेले होते. मग त्यांच्या सहवासातल्यांची तपासणी झाली आणि माझ्याही बेडक्यात जंतू सापडले. गावाने ठरवलं, मास्तरांनी सरांना दिला. मलाही पटलं. ज्याची नोंद आधी तो आधीचा, एवढा इतिहास मला येत होता. मी दुकानात जाऊन म्हणालो, "मास्तर, मनाला लावून घेऊ नका. मी तुम्हाला माफ केलंय."

ते मान खाली घालून शर्टाची काजं करत राहिले.

गिऱ्हाइकं तुटली. मास्तरांचं वर्ष ज्यावर निघायचं ते शाळेच्या गणवेशांचं काम दुसरीकडे द्यायचं घाटत होतं. मुख्याध्यापक माझा जुना विद्यार्थी. मी त्याला भेटून म्हणालो, "बिचाऱ्यांचा काय दोष!" म्हणजे दोष त्यांच्या नावावर पक्का करून आलो.

तेव्हा जिल्ह्यात टीबी कुठून कुठे पसरतो याचा अभ्यास चालू होता. रुग्णांच्या जंतूंची जनुकं वाचायची आणि कोणाची कोणाशी जुळतात ते पाहायचं. आम्हीही नमुने दिले होते. निकाल दोघांना एकत्रच सांगावा, अशी संमती मी आग्रहाने लिहून दिली, मास्तरांकडूनही घेतली. माझ्या क्षमेवर शास्त्राचा शिक्का बसणार होता.

एप्रिलअखेर आरोग्य विभागाच्या ताई दुकानात आल्या. "दोघांचे जंतू जवळजवळ अक्षरन् अक्षर सारखे आहेत."

मी मास्तरांकडे करुणेने पाहिलं.

"पण कोणाकडून कोणाला गेले, हे त्यातून बराबर कळत न्हाई, सर. कोण आधी आजारी पडलं ते पाहावं लागतं. तपासणीच्या वेळी तुम्ही खोकला तीन आठवड्यांचा सांगितलाय."

"तीनच."

"आन् वजन कवा उतरलं?"

"ते फिरण्यानं..." म्हणता म्हणता माझा हात पँटच्या कमरेकडे गेला. मास्तरांच्या कोपरापाशी मापांची वही होती. ते तिच्याकडे पाहतही नव्हते. शेवटी मीच ती मागून घेतली. पोळा, अडतीस. दसरा, छत्तीस. दिवाळी, चौतीस.

"दसऱ्याला टेप धरवत नव्हता, सर," मास्तर हळूच म्हणाले. "तुम्ही सारखे खोकून राह्यल्ते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही माफ करून राह्यले व्हते. मंग मधीच कसं थांबवायचं?"

ताईंनी 'तीन आठवडे' खोडून 'पाच महिने' लिहिलं. "तरी शंभर टक्के न्हाई सांगता येत," त्या म्हणाल्या. ती उरलेली शंका खिशात घालून गुपचूप घरी जावं, असं मला क्षणभर वाटलं, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन शाळेत गेलो आणि मुख्याध्यापकासमोर माझी कंबर सणागणिक वाचून दाखवली.

"म्हणजे सर, तुम्हीच..." त्याची खुर्ची वीतभर मागे सरकली.

"तीन महिने औषध झालंय. आता डॉक्टर म्हणतात, माझ्यापासून लागत नाही. मास्तरांपासूनही नाही."

गणवेश मास्तरांकडेच राहिले. सांगायला गेलो तर त्यांनी हात पुढे केला. "वही द्या जल्दी. पोरांची मापं घ्यायचीत."

दार सताड उघडं होतं, आणि माझं स्टूल बाहेर, ओट्यावर. मी बसलो, वर्तमानपत्र उघडलं आणि त्या दिवशी मनातल्या मनात वाचलं.