हुसेनभाईंचं अरबी वाचन

हरणैच्या हुसेनभाईंना अरबीचा अर्थ म्हणाल तर ओ की ठो कळत नसे. वाचन मात्र असं, की ऐकत राहावं. लहानपणी मदरशात मौलवींनी एकेक उच्चार घोटून घेतला होता. एकोणीस वर्षं ते ओमानमधल्या रुस्ताक गावी एका दुकानात ओमानी झगे शिवत होते, आणि अर्बाब, म्हणजे दुकानाचा मालक, गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगे, "आमच्या टेलरचं अरबी ऐका!" मग हुसेनभाई समोर येईल ते वाचून दाखवत. माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच.

हीच हौस नडली. यंदा कायमचं घरी जायचं, असं त्यांनी बायकोला, नूरबानूला, कबूल केलं होतं. अर्बाबने कागद पुढे केला तेव्हा तो सुटकेचाच समजून त्यांनी चारचौघांत खड्या आवाजात वाचला आणि ऐटीत सही ठोकली. निघाला तो आणखी दोन वर्षांचा करार. "वाचून सही केलीस ना?" अर्बाब म्हणाला.

पँट आखूड करून घ्यायला येणारे, तिथल्या शाळेत शिकवणारे ओवेन मास्तर वेल्सचे. त्यांनी हे ऐकलं. "आमच्याकडे कोर्टात वेल्श बोलायचा हक्क कायद्यानेच आहे," ते म्हणाले. "तुला इंग्रजी येतं का, असं कुणी विचारत नाही. तूही दुभाषा माग." हुसेनभाईंना हुरूप आला. इथे सरकारी भाषा अरबी, कराराचा कागदही अरबीतलाच खरा धरणार. पण निदान आपलं म्हणणं आपल्या मराठीत मांडता येईल. त्यांनी कामगार कचेरीत अर्ज दिला.

सुनावणीचा साहेब भला माणूस होता. "अरबी नहीं आता?" त्याने मोडक्या हिंदीत विचारलं. अर्बाबने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेबाने करार पुढे सरकवला. "पढो."

आता अडखळायचं, हे हुसेनभाईंना कळत होतं. दोन ओळी चुकवल्या की दुभाषा मिळणार होता. पण चुकीचं वाचायला जीभच वळेना. ही कुराणाची अक्षरं. ती त्यांनी जन्मात कधी मोडली नव्हती. घरी जायचंय रे बाबा, असं मन आक्रोश करत होतं, आणि तोंड स्वच्छ, सुरेल वाचत होतं, पार खालच्या सहीपर्यंत.

"माशाल्ला!" साहेब मनापासून म्हणाला. दुभाष्याच्या अर्जावर त्याने काट मारली. "खलास."

बाहेर येतात तोच नूरबानूचा फोन आला. "काय ओ, सुटलाव?"

"साहेबानं माझ्या वाचण्याची तारीफ केलान," हुसेनभाई म्हणाले, आणि भर रस्त्यात रडायला लागले.