फाल्वेच्या दारात उपाशी

दलदलीकाठची माणसं दॅम्नतला चिवट म्हणत. त्यांच्या लेखी ती शिवीच होती. आयर्लंडच्या त्या पश्चिम टोकाला विधवेनं लोकर धुवावी, मुळ्या उकळून ती लाल रंगवावी, गाय सांभाळावी आणि गप्प राहावं. गप्प राहणं सोडून बाकी सगळं दॅम्नतनं जन्मभर केलं.

त्या उन्हाळ्यात सरदार फाल्वेचं कुंपण पडलं. ते उभारणं त्याचं काम. त्यानं उभारलं नाही. दॅम्नतची एकुलती करडी गाय तिथून त्याच्या सातूत शिरली आणि त्यानं ती कोंडवाड्यात घातली. "पीक खाल्लं, गाय माझी," हा त्याचा निवाडा. कुंपण कुणाचं, हे सांगायला दॅम्नत उभी राहिली तर लोक हसले. बाईची साक्ष धरतात कुठे?

मग ती त्याच्या गढीच्या दारात उपाशी बसली. तेवढं बाईलाही करता येई. दारात कुणी उपाशी असताना आतल्यानं तोंडात काही घातलं, की त्याची अब्रू गेली. सुटायचं तर न्याय द्यायचा, नाहीतर आपणही उपाशी राहायचं.

आत पाहुणे जमलेले. डुक्कर भाजत होतं.

"मीही उपाशी राहतो!" फाल्वे गरजला. "बघू कोण आधी उठतं."

"बघाच, धनी. मला सवय आहे. तुमचं पोट नवशिकं आहे."

पाहुण्यांत खसखस पिकली. थोड्या वेळानं गडी रश्श्याचा वाडगा घेऊन आला. "घे गं दोन घोट. कुणाला कळतंय?"

"मला कळेल ना! माझ्या गायीची धार तरी काढलीत का रे कुणी?"

गडी खाली बघत परत गेला. कोंडवाड्यातून हंबरणं येत होतं. दर हंबरण्यासरशी दॅम्नतच्या मुठी आवळत.

तेवढ्यात सातूची दारू आली. यजमानानं पहिला घोट घेतल्याखेरीज पाहुणे पेल्याला शिवत नसत. जन्माची सवय ती. फाल्वेनं शिंगाचा पेला उचलला, घोट घेतला आणि शेजारच्या कवीपुढे धरला.

कवीनं हात पुढे केला नाही. "सरदार, दारात बाई उपाशी आहे ना?"

फाल्वेचा चेहरा उतरला. "मी... मी नुसती चूळ भरली."

"चूळ गिळत नाहीत, धनी," दारातून आवाज आला.

कवीची एक ओळ साऱ्या मुलखात नाचक्की करायला पुरे होती. फाल्वे घाईनं म्हणाला, "जा, ने तुझी गाय. दान दिली समज."

"दान? माझीच गाय मला दान?" दॅम्नत जागची हलली नाही. "कुंपण कुणाचं ते बोला. या सगळ्यांसमोर."

"माझं," फाल्वे जमिनीकडे बघत पुटपुटला.

"मोठ्यानं."

"माझं! माझं कुंपण!"

गाय आणली. कास दगडासारखी टणक, तापलेली. दॅम्नत तिथेच उकिडवी बसली आणि फाल्वेच्या उंबऱ्यावरच धार काढू लागली. दूध नव्हतंच ते. रक्ताळलेल्या गुठळ्या पडत होत्या. पाहुण्यांनी पाय आत ओढून घेतले.

"हे तुमच्याच दारात राहू दे," ती म्हणाली आणि गायीच्या पाठीवर हात ठेवून चालू लागली.