चालेल, पण थांबेल का?

आमच्या मामाला गावभर ‘थांबेलका’ म्हणत. ते काही आडनाव नव्हे, त्याच्या तोंडातला ठरलेला प्रश्न होता. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीच्या मागे ओढून न्यायच्या ट्रॉल्या भाड्याने देणाऱ्या दुकानात तो कामाला होता. गिऱ्हाईक ट्रॉलीच्या चाकाला बुटाने ठोकून म्हणायचं, “चालेल ही.” मामा चष्म्यावरून बघायचा. “चालेल हो. थांबेल का?”

‘चालेल’ या शब्दाशीच त्याचं वाकडं होतं. जगातले निम्मे अपघात या एका शब्दाने केलेत, असं तो जेवताना ऐकवायचा. “मीठ कमी झालंय, चालेल ना?” असं मामीने विचारलं तरी त्याच्या कपाळाला आठ्या. मामी म्हणायची, “भाजी आहे ती. तिला कुठे थांबायचं नाहीये.” त्याला गप्प करणारी तेवढी एकच व्यक्ती होती, आणि तीच आधी गेली.

मागे राहिली तिची छोटी निळी गाडी. याच गाडीत मामीने लेकीला, म्हणजे आमच्या ताईला, चालवायला शिकवलं होतं. पुढे इंजिन अडकलं आणि गाडी अंगणात उभी राहिली. मामा ती दर आठवड्याला धुवायचा, काचा पुसायचा, आतली पायपुसणी झटकायचा. न चालणारी गाडी इतकी चकचकीत ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ताईला घाटापलीकडच्या शहरात नोकरी लागली. घर हलवताना तिने बापाकडे एकच गोष्ट मागितली, आईची गाडी. तिकडे भावजींच्या ओळखीचा मेकॅनिक इंजिन दुरुस्त करून देणार होता. मामा लगेच हो म्हणाला. जरा जास्तच लगेच, असं मला तेव्हा वाटलं.

निघायच्या दिवशी भावजी सामानाने गच्च भरलेली मोठी गाडी घेऊन दुकानात आले. मीही होते. आवारात एकच ट्रॉली शिल्लक होती, हलकं सामान न्यायची, बिनब्रेकची. ब्रेकवाली ज्याने नेली होती त्याचा पत्ता नव्हता.

“ही नाही देता येणार,” मामा म्हणाला. “कायदाच आहे तसा. अख्खी मोटार ओढायची तर ट्रॉलीला तिचे स्वतःचे ब्रेक हवेत. हूक तुटला तर ते आपोआप लागायला हवेत.”

“माझ्या गाडीला आहेत की ब्रेक, बाबा,” भावजी म्हणाले.

“पुढची थांबेल. मागचीला कोण सांगणार?”

मालक खुर्चीतून म्हणाले, “द्या हो. घरचे जावई आहेत. चालेल.”

“घरचे आहेत म्हणूनच,” मामा म्हणाला. त्याने ट्रॉलीच्या हुकाची खीळ उपसली आणि खिशात घातली.

ताई इतका वेळ गाडीत बसली होती. ती उतरून आली.

“थांब ना जरा,” मामा तिला म्हणाला. “दुसरी येईलच दोन दिवसांत.”

“नाही थांबता येत. सोमवारी हजर व्हायचंय.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “सरळ सांगा ना, आईची गाडी द्यायचीच नाहीये. कायद्याला कशाला मध्ये घालता?”

मामाचा हात खिशातल्या खिळीवर होता. ती दोघं गाडीविनाच गेली, आणि पोचल्याचा फोन मामाला नाही, मला आला.

ब्रेकवाली ट्रॉली परत आली तेव्हा मामाने तिचं एक चाक खोलून झिजलेला ब्रेक बदलला, साखळ्या तपासल्या. माझ्या गाडीला हूक आहे म्हणून मला बोलावलं. मी चालवत होते, तो शेजारी. मागे मामीची गाडी पुढची दोन चाकं ट्रॉलीवर ठेवून येत होती. घाटाचा उतार लागला की ट्रॉलीचे ब्रेक आपले आपण लागायचे, मागून कुणी हलकेच सदरा धरावा तसे.

“ती म्हणाली ते खोटं नव्हतं गं,” मामा अचानक म्हणाला.

“कोणतं?”

“द्यायची नव्हतीच मला. ब्रेकवाली ट्रॉली नाही म्हटल्यावर बरं वाटलं. आधी बरं वाटलं, मग कायदा आठवला.”

मला त्याची फार दया आली. कायदा बरोबर होता, मामाही बरोबर होता, आणि तरी त्याला झोप नव्हती.

ताईने दार उघडलं. रस्त्यावर आईची गाडी बघून ती बापाला वळसा घालून बाहेर आली. सरळ ट्रॉलीपाशी गेली, वाकून साखळी ओढून पाहिली, हुकाला हात लावला. शेवटी त्याचीच लेक.

“ब्रेक?” तिने विचारलं.

“आहेत.”

दोघांनी मिळून पट्टे सोडले, भावजींनी मागून ढकललं, आणि गाडी घरासमोर उभी राहिली. मामाने किल्ली ताईच्या हातात दिली. भावजींनी आणलेलं पाणी उभ्याउभ्याच प्यायला आणि ट्रॉली परत करायचीय म्हणून माझ्या शेजारी येऊन बसला. मी इंजिन सुरू केलं.

ताई खिडकीशी आली. “घाटात अंधार पडेल तुम्हाला.”

“चालेल,” मामा म्हणाला.

मी त्याच्याकडे वळून पाहिलं. पुढे प्रश्न न लावता हा शब्द त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. ताईनेही नसावा. तिने खिडकीची कड धरली.

“बाबा,” ती म्हणाली, “थांबाल का?”

मामा समोर बघत राहिला. मी इंजिन बंद केलं.