गाडीखालचा कोरडा कागद

मला मोटार चालवता येत नाही. कधी शिकले नाही, आणि आता शिकायची हौसही उरलेली नाही. पण मोटारीच्या पोटाखाली उताणं पडून तिची तेलगळती मी या हातांनी थांबवलेली आहे, आणि ही गोष्ट मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. नातवंडं एकमेकांना कोपरानं ढोसतात, आजीची गाडी सुरू झाली म्हणतात. म्हणोत बापडी. मी केलं ते मी नाही सांगायचं तर काय शेजाऱ्यांनी सांगायचं?

लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. माझ्या गिरगावातल्या माहेरच्यांना मुलुंड म्हणजे परगावच वाटे. तिकडे कोल्हे ओरडतात म्हणे, असं माझी मावशी म्हणाली होती. ओरडायचेही. आमचं बिऱ्हाड एका दुमजली घरात वरच्या मजल्यावर होतं आणि खाली घरमालक राहत. पुढे कोबा घातलेलं ऐसपैस अंगण, मध्ये मालकीणबाईंचं तुळशीवृंदावन, आणि कोपऱ्यात जांभळाखाली, माझ्या मागून आलेली आमची मोटार. लढाईच्या आधीची विलायती गाडी, काळी, गोल डोळ्यांची, माझ्यापेक्षा थोडीच लहान.

ही गाडी माझ्या सासऱ्यांची. मामंजी एका मोठ्या कचेरीत हेडक्लार्क होते. रिटायर झाले आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले ते बसलेच. मी घरात आले तेव्हा ते दिवसभरात हूं आणि नको यापलीकडे बोलत नसत. मग एके दिवशी कोणाला न विचारता त्यांनी घाटकोपरच्या एका पारशी डॉक्टरांची जुनी गाडी घेतली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पण मामंजी खुर्चीतून उठले! त्या वयात गाडी चालवायला शिकले, सकाळी आंघोळ करून अंगणात उतरायचे ते जेवायला हाक मारली की वर यायचे. मी चहा खाली नेऊन द्यायची. एकदा सहज विचारलं, "मामंजी, ही नळी कशाची हो?" त्यांनी चहा निवेपर्यंत मला ती नळी समजावून सांगितली. दुसऱ्या दिवशी मी दुसरी नळी विचारली. सासरी माझ्याशी मीठ-मिरचीपलीकडलं बोलणारं पहिलं माणूस म्हणजे माझे सासरे, हे ऐकून त्या काळातल्या माझ्या मैत्रिणी तोंडात बोट घालायच्या.

त्या पावसाळ्यानंतर गाडीचं इंजिन तेल गाळायला लागलं. आधी थेंब थेंब, मग चांगली धार. अंगणाचा उतार नेमका वृंदावनाकडे, त्यामुळे आमचं काळं तेल कोब्यावरून सरपटत थेट तुळशीच्या पायाशी. मालकीणबाई रोज राखेनं घासायच्या आणि वर आमच्या गॅलरीकडे बघायच्या. मामंजी रोज सकाळी आडवे होऊन, बाजूनं हात घालून तिथले बोल्ट पान्यानं पिळायचे, चांगले दातओठ खाऊन. जितके पिळायचे तितकं तेल जास्त. स्टेशनाजवळच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, गाडी टाकून जा, दिवाळीनंतर बघू. शेवटी दिवाळी तोंडावर आल्यावर मालकच वर आले. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, फराळाची चौकशी केली आणि उठता उठता म्हणाले, "वसुबारसेच्या आत गळती बंद झाली तर बरं. नाहीतर गाडी फाटकाबाहेर काढावी लागेल. घरात ऐकावं लागतं हो आम्हाला."

फाटकाबाहेर रस्ता, रस्त्यावर म्हशींचे कळप आणि गिरणीचे ट्रक. आमचे हे म्हणाले, "बाबा, कशाला जिवाला घोर? कुर्ल्याला एक भंगारवाला आहे, तो येऊन घेऊन जाईल." दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन अंगणात उतरले तर गाडीपाशी कोणी नाही. वर येऊन पाहिलं. मामंजी गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते.

मला इतका राग आला! गाडीचा, यांचा, त्या खुर्चीचा. खुर्चीत परत बसलेलं ते माणूस आता पुन्हा उठायचं नाही, हे मला लख्ख दिसलं. मी चहाचा कप तसाच कठड्यावर ठेवला, खाली गेले, आजूबाजूला कोणी नाही असं बघून पदर खोचला आणि चक्क कोब्यावर गाल टेकून गाडीखाली पाहिलं.

इंजिनाखाली तेलाचं लोखंडी तबक असतं. ते इंजिनाला भोवतीनं बोल्टांनी धरलेलं असतं आणि मध्ये बुचाची पातळ पट्टी असते, तिला पॅकिंग म्हणतात. हे सगळं मामंजींनीच मला शिकवलेलं. मामंजींचा हात पोचत होता तिथले बोल्ट पिळून पिळून तबकाची कड वाकली होती. आणि हात पोचत नव्हता तिथले बोल्ट आपले सुस्त पडून होते. मी माहेरी आईच्या हाताखाली शिवण शिकलेली, मुलुंडला आल्यावर अर्ध्या आळीची पोलकी माझ्याच मशीनवर होत होती. एका बाजूनं दोरा ओढला की कापडाला चुण्या पडतात, तशा त्या लोखंडाला चुण्या पडल्या होत्या. मधल्या पट्टीचा तर चोथा होऊन बाहेर आला होता.

आता हे सासऱ्यांना कसं सांगायचं? तुमच्याच हातानं गळती वाढली, असं सांगणारी सून त्या वेळी तरी मुलुंडमध्ये नव्हती. मी गॅलरीत गेले आणि म्हटलं, "मामंजी, पॅकिंग बदलायला हवंय. बुचाचा तक्ता आणून द्या, मी बेतून देते."

"तू?"

"पोलकी बेततेच की. त्याला निदान बाह्या तरी नाहीत."

मामंजी खूप वर्षांनी हसले असावेत, कारण सासूबाई स्वयंपाकघरातून बघायला बाहेर आल्या. त्याच दिवशी ते नळबाजारात जाऊन बुचाचा तक्ता घेऊन आले.

रविवार ठरला. यांनी आधी खूप आढेवेढे घेतले, पण एकदा हो म्हटल्यावर मन लावून केलं. फळ्या लावून पुढची चाकं विटांच्या भक्कम ओट्यावर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले आणि गाडी हलत नाही ना हे स्वतः ढकलून ढकलून पाहिलं. अडचण पुढेच होती. वर चहाला बसलो तेव्हा प्रश्न आला, गाडीखाली शिरायचं कोणी? मामंजींचं पोट शिरत नव्हतं. हे शिरले असते, पण यांना पाना कुठल्या बाजूला फिरवायचा इथपासून शिकवावं लागलं असतं. मी आत गेले आणि यांचा जुना लेंगा आणि सदरा घालून बाहेर आले.

यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. सासूबाई मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिल्या. मला वाटलं, आता वाट लागली. त्या उठल्या, कपाटातून दोन मोठ्या चादरी काढल्या आणि यांच्या हातात दिल्या. "दोरी बांध आणि गाडीभोवती आडोसा कर. आणि हे बघा, आत कोण आहे ते बाहेर कोणाला कळता कामा नये. लोक माझ्या सुनेला नावं ठेवतील ते मला खपायचं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "केस बांध नीट. तेल लागेल."

चादरींच्या आत मी गोणपाटावर उताणी पडले. तेल आधी घमेल्यात काढून घेतलं, मग एकेक बोल्ट सोडवला. तबक खाली आलं तेव्हा ते पोटावर घेऊन मी सरपटत बाहेर आले, आणि मामंजींनी ते एखादं तान्हं मूल घ्यावं तसं दोन्ही हातांनी घेतलं. जुन्या पट्टीची खरपुडी मी सासूबाईंच्या उलथन्यानं खरवडली. ("ते आता तुमच्या गाडीलाच ठेवा," त्या वरून म्हणाल्या.) तबक रॉकेलनं धुतलं. वाकलेली कड मामंजींनी पाटावर उपडी धरून हातोडीनं हलके हलके ठोकून सरळ केली. मग मी वर्तमानपत्राचा कागद त्या कडेवर पसरला आणि बोटं तेलात बुडवून भोवतीनं दाबत गेले. कडेचा आणि बोल्टांच्या भोकांचा ठसा कागदावर उमटला. मामंजी गुडघ्यांवर हात ठेवून बघत होते. "छान," एवढंच म्हणाले. हेडक्लार्कचं छान; त्यांच्या हाताखालच्या लोकांना ते किती वेळा मिळालं असेल देव जाणे.

आणि नेमकी तिथेच मी माती खाल्ली. कागद बुचाच्या तक्त्यावर टाचला, मोठी कात्री घेतली आणि झोकात कापलं. पट्टी कडेवर ठेवून बघतो तर आतून बाहेरून चारी बाजूंनी बोटभर जास्त.

"हे काय गं?" मामंजींनी विचारलं.

"माया सोडलीय," मी म्हटलं. शिवणीत आत जादा कापड ठेवतात ना, पुढेमागे उसवून मोठं करायला, ती. हात आपोआपच तसा गेला होता.

मामंजी म्हणाले, "मुली, इंजिन अंगानं भरणार नाहीये." आणि असे हसले की चादर हलली. हे पलीकडून विचारायला लागले, काय झालं, काय झालं? मीही हसले, पण कानशिलं तापली होती. ठशाच्या रेघेवर कात्री धरून मी जादाचं बूच कापून टाकलं आणि बोल्टांची भोकं पाडली. पट्टी कडेवर अशी बसली की बोटानं चाचपून सांधा कळू नये.

तबक पुन्हा वर चढवलं. बोल्ट हातानं लावून झाले, आणि मामंजी सवयीनं बाजूनं आडवे झाले, पाना घेऊन आत हात घातला आणि पहिलाच बोल्ट पिळायला लागले. दातओठ खाऊन. नवी पट्टी माझ्या डोळ्यांसमोर दबून बाहेर फुगायला लागली.

मी म्हटलं, "मामंजी, पाना इकडे द्या."

त्या घरात सुनेनं सासऱ्याच्या हातातली वस्तू मागायची पद्धत नव्हती. मामंजींचा हात जागच्या जागी थांबला. गाडीखालून मला फक्त त्यांचं मनगट दिसत होतं.

"एका जागी आवळलं की दुसरीकडे सुटतं," मी म्हटलं. आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा चढला. "आधीही तेच झालं होतं."

बोलून गेले आणि जीभ चावली. बाहेर चादरीपलीकडे यांची चप्पल वाजायची थांबली. मग पाना सरकत माझ्या हाताशी आला.

"तू कर," ते म्हणाले. "मी सांगतो ते ऐकू नकोस."

तो पिळलेला बोल्ट मी सैल केला. मग एक बोल्ट इकडचा, एक समोरचा, थोडा थोडा, कच्चा धावदोरा घालावा तशी भोवतीनं फिरत राहिले. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा थोडा. बूच सगळीकडे सारखं दबलं, तेव्हा थांबले. हे बाहेरून म्हणाले, "अगं, अजून घट्ट कर ना!" त्यांना मामंजींनी उत्तर दिलं, "तू गप रे. तिला कळतंय."

तेल भरलं, इंजिन चालू करून गरम होऊ दिलं आणि संध्याकाळी गाडीखाली कोरं वर्तमानपत्र पसरलं. रात्रभर मला झोप नाही. सकाळी दूधवाल्याच्या आधी मी खाली उतरले, तर मामंजी माझ्याही आधी तिथे उकिडवे बसलेले. त्यांनी कागद ओढून काढला आणि मला दिला. मी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला. कोरडा ठणठणीत! मी त्या कागदाची घडी घालून मशीनच्या खणात ठेवली, पुढे कितीतरी वर्षं ती तिथे होती.

वसुबारसेला मालकीणबाईंनी वृंदावनापासून पार जांभळापर्यंत रांगोळी काढली. मी वर करंज्या तळत होते, झारा हातात, नखांत अजून काळं तेल. खाली माणसं जमली होती. मालकांनी मामंजींच्या पाठीवर थाप मारली. "मानलं बुवा तुम्हाला! या वयात, घरच्या घरी! केलंत तरी कसं?"

मी गॅलरीच्या दाराशी आले. मागे सासूबाई. कोणाला कळता कामा नये, हे मामंजींनाही पाठ होतं. दोन शब्दांत वेळ निभली असती आणि मला त्याचं वाईटही वाटलं नसतं, कारण ते अंगणात उभे होते, खुर्चीत नव्हते. मला तेवढं पुरे होतं.

मामंजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "मेकॅनिक वर करंज्या तळतोय."

अख्खं अंगण मान वर करून आमच्या गॅलरीकडे बघायला लागलं. मी गडबडून मागे सरणार, तोच सासूबाईंनी माझ्या हातातला झारा काढून घेतला. "करंज्या मी बघते," त्या म्हणाल्या. "तू उभी राहा इथेच. बघू दे त्यांना."