तीनच वाजले

पारे डोंगरांतल्या त्या गावात दिवस सकाळी सहाला सुरू होतो. सातला गावाच्या हिशोबाने एक वाजतो; संध्याकाळी सहाला मोजणी पुन्हा पहिल्यापासून, म्हणून रात्री दहाला चार. सरकारी फॉर्मवर मात्र सरकारी घड्याळाची वेळ लागते. हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं, तरी घाईत एकदा घोटाळा झालाच. पहिलटकरीण म्हणाली, "काल रात्री चारला कळा सुरू झाल्या." तुमाइनी नर्सने चारच लिहिलं. सकाळी दहाला डॉक्टर मबागांनी फॉर्म पाहिला. "सहाच तास? थांबू की." झाले होते बारा. बाळ गेलं. तुमाइनी दोन दिवस जेवली नाही.

बावीस वर्षं बाळंतपणं करणाऱ्या सिस्टर नाम्बुआने ते बाळ कांगात, बायकांच्या नेसायच्या रंगीत कापडात, गुंडाळून आजीच्या हाती दिलं. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून घड्याळ आणलं, त्यात गावाची वेळ लावली आणि सरकारी घड्याळाशेजारी टांगलं. नियम एकच: आधी बाईचे शब्द लिहायचे, मग दोन्ही घड्याळं बघून फॉर्मची वेळ. नर्स पोरी कुरकुरल्या आणि शिकल्या. वर्षभरात उशिरापायी एकही बाळ दगावलं नाही.

पण सरकारी तपासणीवाले बाळं मोजायला थोडेच आले होते! पिलाव चापून त्यांनी कागद उलटले. "रखडलेली बाळंतपणं दुप्पट?" दवाखान्याच्या दर्जाचा एक तारा कापला गेला.

"आधीही तेवढीच होती साहेब," नाम्बुआ म्हणाली. "फक्त कागदावर येत नव्हती."

ते गेल्यावर मबागा उखडले. "हा शहाणपणा कुणी सांगितला होता, सिस्टर? शेजारच्या दवाखान्यात एकही बाई रखडत नाही!"

"मग तिथल्या कबरी खोदणाऱ्याला विचारा, डॉक्टर."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! नाम्बुआची बदली जिल्ह्याच्या लशींच्या गोदामात झाली. घड्याळ उतरवायचा हुकूमही निघाला. तिने स्वतःच ते उतरवलं.

घड्याळ काखेत धरून ती निघाली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. बाकावर एक पोर कण्हत होती. तिची सासू तुमाइनीला सांगत होती, "काल रात्री तीनपासून चाललंय गं."

नाम्बुआ दारात थबकली. "तुमाइनी, नऊ लिही."

तुमाइनीने मबागांच्या खोलीकडे पाहिलं. मग मान खाली घालून, सुवाच्य अक्षरात तिने तीन लिहिलं.