कालची तारीख आणि पक्षी नसलेलं तिकीट

टपालकचेरीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. पोस्टमास्तरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे म्हणायचे, कॅलेंडर. "कॅलेंडर, आज किती तारीख हो?" असं कोणी जाता जाता मुद्दाम टोचलं, तर ते मान वर न करता तारीख सांगायचे आणि कोणी न मागता वारही सांगायचे.

हे नाव पडलं ते शिक्क्यामुळे. पत्रावरच्या तिकिटावर तारखेचा गोल शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. शिक्का म्हणजे लाकडी मुठीला पितळी तोंड. त्या तोंडात दिवस, महिना आणि वर्ष यांच्या छापाचे तीन बारीक खिळे बसवलेले. रोज सकाळी कचेरी उघडायच्या आधी कालचा खिळा चिमट्याने उपटायचा, आजचा बसवायचा, शाईच्या गादीवर शिक्का दाबायचा आणि पहिला ठसा एका जाड रजिस्टरमध्ये उमटवायचा. शेजारी वेळ लिहायची, सही करायची. मगच पत्रांना हात लावायचा. कॅलेंडरनी हे चौतीस वर्षं केलं. निरोपाच्या दिवशी पोस्टमास्तर भाषणात म्हणाले, "सूर्य एखाद्या दिवशी उशिरा उगवेल, पण आमच्या कॅलेंडरची तारीख चुकणार नाही." टाळ्या पडल्या. भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते पहिल्या आठवड्यातच मागे पडू लागलं, ही गोष्ट वेगळी.

खिडकीच्या बाहेरच्या लोकांपैकी एकाशीच त्यांचं बोलणं जास्त व्हायचं. तो समोरच्या गल्लीतला घड्याळजी. डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर चढवूनच तो रस्ता ओलांडून यायचा, त्यामुळे लांबून तीन डोळ्यांचा दिसायचा. तिकिटं जमवायचा त्याला नाद. पत्र एक टाकायचं, पण त्यासाठी तिकीट निवडायला दहा मिनिटं.

"कोपऱ्यातलं द्या. नाही, तो नव्हे, वरचा कोपरा. आणि कडेचे दाते मोडू नका."

"अहो, पत्राला लावायचंय की लग्नाला उभं करायचंय?"

"शिक्काही जरा बेताने मारा. तिकिटाच्या एका कोपऱ्याला चाटून जाऊ दे, बाकी पाकिटावर. चित्राच्या तोंडाला काळं फासू नका."

कॅलेंडर मनातून हसायचे, पण शिक्का मात्र तो म्हणेल तसाच मारायचे. अर्धा तिकिटावर, अर्धा बाहेर, अक्षर न् अक्षर वाचता येईल असा. एकदा गर्दी नव्हती तेव्हा त्यांनी विचारलंच, "एवढं काय असतं हो त्या चिठोऱ्यांत? जुनं झालं की किंमत येते म्हणे."

"जुनं पुष्कळ असतं," घड्याळजी म्हणाला. "माझी सासूही जुनी आहे. जे थोडं असतं त्याला किंमत. आता छापखान्यात बघा, चार चार जण डोळ्यात तेल घालून तपासतात. एवढं करूनही एखादं चुकीचं तिकीट त्यांच्या हातातून निसटतं. रंग विसरलेलं, चित्र उलटं पडलेलं. तसं एखादंच असतं आणि ते आपल्या हाताला लागतं! शिवाय ते धडधाकट हवं. आणि त्याच्यासाठी जीव टाकणारे निदान दोघे हवेत. एकटाच वेडा असेल तर भाव चढत नाही."

"म्हणजे वेडे दोन लागतात."

"एक तयार आहे. दुसरा शोधतोय," असं म्हणून त्याने त्यांच्याकडेच बघितलं.

मग ती पंधरा तारीख आली. त्या दिवशी नवं तिकीट विक्रीला निघणार होतं. हिरवी फांदी आणि तिच्यावर लाल पक्षी. गठ्ठ्याचं सील सकाळीच पोस्टमास्तरांच्या देखत फोडायचं होतं. पण सील फोडायला गेले तर कात्री सापडेना. ती सापडली तर गठ्ठ्यातले कागद दमटपणाने एकमेकांना चिकटलेले. ते सोडवण्यात कॅलेंडर आणि पोस्टमास्तर असे गुंतले की खिडकी उघडायची वेळ झाली. बाहेर पहिला उभा होता अर्थात घड्याळजी.

त्याला वरच्या कोपऱ्यातलं तिकीट मिळालं. त्याने भिंग खाली ओढलं आणि तिकीट डोळ्याशी नेलं. फांदी होती, पक्षी नव्हता. शेजारच्या तिकिटांवर पक्षी होते. छापताना कागदाचा एखादा कपटा नेमका तिथे येऊन पडला असणार आणि लाल शाई त्या कपट्यावरच राहिली असणार.

"बघा, उडाला!" घड्याळजी कुजबुजला.

कॅलेंडरनी बघितलं. "खराब आहे. आणा इकडे, बदलून देतो. खराब तिकीट वर परत पाठवायचं असतं."

"परत?" घड्याळजीने ते तिकीट जिभेला लावलं आणि स्वतःच्याच पत्त्याच्या पाकिटावर थापटून बसवलं. एवढी घाई त्याने आयुष्यात दुसऱ्या कशाचीच केली नसेल. "विकत घेतलंय मी. आता टपालात टाकतोय. कोरं ठेवलं तर उद्या म्हणतील, छापखान्यातून चोरलं. तुमचा शिक्का पडला की कोणाची बोलायची छाती नाही."

कॅलेंडर हसले. त्यांनी फांदीला धक्का न लावता शिक्का मारला. सकाळच्या पिशवीत तेवीस पत्रं होती, त्यात हे एक. पिशवी गेली.

तासाभराने एका पावतीवर शिक्का मारला आणि त्यांची नजर तिथेच खिळली. चौदा. पंधरा नव्हे, चौदा. सील आणि कात्रीच्या गडबडीत खिळा बदलायचाच राहिला होता.

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. पावती फाडून नवी केली. चिमटा घेतला, चौदा काढला, पंधरा बसवला, रजिस्टर उघडून ठसा उमटवला आणि शेजारी लिहिलं, सकाळी पावणेआठ. सही केली. घरी पोचलेल्या पत्रावरची तारीख कोण बघतं? बिलं येतात, खुशाली येते, लोक फोडतात आणि पाकीट फेकून देतात.

पण एक पाकीट फेकलं जाणार नव्हतं.

पुढच्याच महिन्यात घड्याळजीने ते तिकीट गावातल्या तिकीट जमवणाऱ्यांच्या मंडळात मांडलं. मंडळाचे अध्यक्ष होते वकीलसाहेब. त्यांनी भिंग लावलं आणि शिक्का वाचला. "पंधराला निघालेल्या तिकिटावर चौदाचा शिक्का? औषधाने पक्षी धुतलात तो धुतलात, वर शिक्काही घरीच कोरलात? निदान तारीख तरी विचारायची होती कोणाला!" घड्याळजी म्हणाला, कचेरीत चला. सगळे कचेरीत आले. पोस्टमास्तरांनी रजिस्टर काढलं. पावणेआठला पंधरा तारीख, खाली सही.

"ही नोंद तुमची?" वकीलसाहेबांनी विचारलं.

कॅलेंडर टेबलापाशी उभे होते. घड्याळजी त्यांच्या अगदी समोर होता, भिंग कपाळावर.

"हो," कॅलेंडर म्हणाले. "माझीच."

घड्याळजीने पाकीट खिशात घातलं आणि गेला. मंडळाने त्याचं नाव काढून टाकलं. पुढे तो दुसऱ्या खिडकीवरून तिकिटं घ्यायचा. वाटेत गाठ पडली तर मान हलवायचा, इतकंच. पाकीट मात्र त्याने दुकानात काचेच्या कपाटात, बंद पडलेल्या घड्याळांच्या रांगेत उभं करून ठेवलं. त्याबद्दल कोणाला काही सांगितलं नाही.

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. घड्याळजी गेला. दुकान त्याची मुलगी चालवू लागली. एका मंगळवारी तीच कॅलेंडरच्या दारात उभी राहिली.

"काका, बाबांचं ते पाकीट मी बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवलं होतं. त्यांचं पत्र आलंय. ते म्हणतात, पक्षी धुतलेला नाही. लाल शाई त्या कागदाला कधी लागलेलीच नाही. पण शिक्क्याच्या तारखेचा खुलासा होत नाही तोवर तिकीट खरं आहे असं लिहून देणार नाहीत. शनिवारी मंडळाची सभा आहे. वकीलसाहेब म्हणाले, रजिस्टर खोटं बोलत नाही. जुनी कचेरी मोडली तेव्हा ती रजिस्टरं रद्दीत जाणार होती, ती त्यांनीच उचलून मंडळात ठेवली आहेत." ती पुढे म्हणाली, "मला ते विकायचं नाही. बाबांना लबाड म्हटलं गेलं, तेवढं पुसायचंय. तुम्हाला त्या दिवसाचं काही आठवतं का?"

"एवढ्या वर्षांपूर्वीचं काय आठवणार, पोरी," ते म्हणाले.

ती गेली. ते खुर्चीत बसून राहिले. बुधवारी बसले, गुरुवारी बसले. गुरुवारी जेवताना काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "भाजीत मीठ घालायचं विसरले मी, आणि तुम्ही हूं की चूं नाही. काय झालंय? डॉक्टरांनी काही सांगितलं का?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. चौदा, पंधरा, पावणेआठ, "हो, माझीच". काकूंनी ऐकून घेतलं आणि पाण्याचा पेला खाली ठेवला.

"एवढंच? मी मेली दोन दिवस घाबरून बसले होते!"

"एवढंच काय म्हणतेस? रजिस्टरमध्ये खोटं लिहिलं मी. चौतीस वर्षं लोक म्हणत आले, तारीख चुकत नाही."

"माझा वाढदिवस दोनदा विसरलात तुम्ही. तेव्हा कुठे गेली होती तारीख? मी सांगितलं का कोणाला?" मग त्यांचा आवाज खाली आला. "पण तो माणूस समोर उभा होता, अहो. आणि तुम्ही हो म्हणालात."

कॅलेंडरनी ताट सारलं आणि शनिवारसाठी सदरा इस्त्रीला काढून ठेवला.

शनिवारी दुपारी ते इस्त्रीचा सदरा घालून मंडळाच्या खोलीत गेले. रंगाच्या दुकानावरची खोली ती, सगळीकडे टर्पेंटाइनचा वास. लांब टेबलाभोवती दहाबारा माणसं. घड्याळजीची मुलगी कोपऱ्यात. वकीलसाहेब अजून अध्यक्षच, फक्त आता कानाला यंत्र.

कॅलेंडरनी उभं राहून सांगितलं. त्या दिवशी खिळा बदलायचा राहिला, तेवीस पत्रांवर चौदाचा शिक्का पडला, रजिस्टरमधली वेळ खोटी आहे, ती मी लिहिली. सांगताना आवाज नेहमीसारखाच होता, खिडकीवरून पत्राचा दर सांगावा तसा.

वकीलसाहेबांनी यंत्र नीट बसवलं. "म्हणजे तेव्हा खोटं बोललात आणि आता खरं बोलताय. आम्ही कोणतं धरायचं? आज तिच्यासाठी दया आली म्हणून बोलत नसाल कशावरून?"

खोलीत कोणीतरी खोकलं. मुलीने मान खाली घातली.

कॅलेंडर गडबडले. हा प्रश्न त्यांनी धरलाच नव्हता. आपण कबूल केलं की संपलं, एवढाच हिशेब त्यांनी केला होता. कबुलीलाही पुरावा लागतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "रजिस्टर आणा," ते म्हणाले. काय दाखवायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

रजिस्टर आलं. त्यांनी पान उघडलं. पंधरा तारखेचा ठसा, पावणेआठ, सही. मागचं पान. पुढचं पान. पुन्हा मागचं. ते पानांवर इतके वाकले की नाक टेकेल असं वाटलं. आणि मग त्यांना हसूच आलं.

"वकीलसाहेब, भिंग लावा. हा बाराचा ठसा बघा. हा तेराचा, हा चौदाचा. कसे आहेत?"

"फिकट."

"फिकटच असणार. शाईची गादी रात्रभर वाळते. सकाळचा पहिला ठसा नेहमी आजारी माणसासारखा उमटतो. पाचदहा पत्रं झाली की गादी भिजते आणि शिक्का काळा कुळकुळीत पडायला लागतो. आता सोळा बघा. सतरा बघा."

"फिकट. फिकट."

"आणि आता पंधरा."

वकीलसाहेबांनी भिंग पंधरावर नेलं. त्या दोन पानांत तो एकच ठसा काळाभोर होता, कडा भरलेल्या, अक्षर ठळक.

"हा पहिला नाही," कॅलेंडर म्हणाले. "याच्या आधी तेवीस पत्रं झाली होती. माझी लबाडी मीच शाईने लिहून ठेवली होती, आणि मला एकतीस वर्षं दिसली नाही."

रजिस्टर हातोहात टेबलाभोवती फिरलं. प्रत्येकाने पानं मागे पुढे करून बघितली. एकजण म्हणाला, मग बाकीची बावीस पाकिटं कुठे असतील? झालं, सभेचा सूरच बदलला. पक्षी नसलेलं तिकीट, त्यावर चुकीच्या तारखेचा शिक्का, आणि ज्याने मारला तो माणूस समोर हजर! असं पाकीट दुसरं कुणाकडे असणार? कोणी आत्याच्या जुन्या ट्रंकेची आठवण काढू लागला, कोणी माळ्यावरच्या पत्रांची. एकाने मुलीला विचारलंसुद्धा, द्यायचं मनात असेल तर? "नाही," ती म्हणाली. तिने पाकीट दोन्ही हातांत धरलं होतं.

वकीलसाहेबांनी मात्र त्या गलक्यात भाग घेतला नाही. त्यांनी मंडळाची वही मागवली, घड्याळजीचं नाव जिथे काट मारून काढलं होतं ते पान काढलं आणि खाली स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या. चूक मंडळाची होती, असं लिहिलं. मग ते मुलीकडे वळले.

"त्यांची माफी मागायला हवी होती. पण ते नाहीत."

"दुकान आहे," मुलगी म्हणाली. "माफी मागा, नाहीतर नुसते येऊन बसा. उद्या दहाला उघडेन." मग तिने कॅलेंडरकडे पाहिलं. "तुम्हीही या, काका. बाबा त्या सकाळी काय काय बोलले, ते मला कोणी सांगितलेलं नाही."

जिना अरुंद होता. दोघे म्हातारे एकामागून एक कठडा धरून उतरले. खाली आल्यावर वकीलसाहेब दम घ्यायला थांबले, कानातलं यंत्र चाचपलं आणि म्हणाले, "दहा म्हणजे दहालाच उघडते का हो ती?"

"तिचा बाप पावणेदहालाच उघडायचा," कॅलेंडर म्हणाले. "आपण साडेनऊलाच जाऊन उभे राहू."