रानकांदे आणि चर

शनिवार, १४ मार्च १९८७. हवा कोरडी. सकाळी टोपलीभर रानकांदे काढले. दुपारी सभागृहात बैठक. त्यांच्याकडेही पाणी आणायला मी येणार का, याचं उत्तर पलीकडच्या खोऱ्यातली माणसं आज मागणार.

एवढं लिहून लुसिंडा हॉगशूटर लेखणी धरून बसली. मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली रोजनिशीची सवय नवरा गेल्यावरही सुटली नव्हती. पण आज पुढे काय लिहावं, तेच कळेना.

सारा गाव तिला पुढारीण म्हणायचा. तिने माणसं उभी केली, खडक फोडला, घरोघर पाणी आणलं. खरं तर तीन वर्षांपूर्वी ती रस्त्याकडेला रानकांदे उकरत होती. आम्हा चेरोकी आदिवासींत एखादी म्हातारी एकटी कुदळ मारताना दिसली, की कशाला म्हणून विचारत नाहीत. आपापली अवजारं आणून शेजारी उभे राहतात. तशी माणसं आली. नेमकी तिथूनच पाण्याच्या पाइपाची आखणी गेली होती, वर्षभर तिला कुणी हात लावला नव्हता. दुपारपर्यंत गुडघाभर चर झाला. कांदे मातीखाली गेले.

बैठकीत तिने सरळ सांगितलं, "अरे, मी कांदे काढत होते!"

सगळे खो खो हसले. पलीकडच्या खोऱ्यातला जेस म्हणाला, "मावशी, आमच्याकडेही कांदे आहेत. या काढायला."

"चेष्टा नको रे. मी काय केलं, मलाच ठाऊक नाही."

तिची नणंद पर्ल कोपऱ्यात पेज ढवळत होती. कौतुक करणं तिच्या स्वभावात नव्हतं. "वहिनी, कांदे गाडले गेल्यावर घरी का नाही गेलीस?"

"माणसं आली होती. त्यांना टाकून कशी जाणार?"

"आणि खडक लागल्यावर? बाप्ये पाय आपटत निघाले, तर तू चरात उतरून बसलीस. तिथेही कांदे होते वाटतं?"

पुन्हा हशा. लुसिंडा गोंधळली. पाय दुखत होते म्हणून बसली होती ती. तसंच होतं ना? आता तिलाच खात्री वाटेना.

"सोमवारी येता का, तेवढं सांगा," जेस म्हणाला.

"येते. पण पुढारीण म्हणून नाही. कुदळ घेऊन येते."

"मग आम्ही दुसरं काय मागतोय?"

संध्याकाळी तिने रोजनिशी पुन्हा उघडली. आपण पुढारीण व्हायला हो म्हणालो की नाही, हे काही केल्या ठरेना. शेवटी तिने लिहिलं:

कुदळीचा दांडा सैल झाला होता. लाकूड फुगून सोमवारपर्यंत घट्ट बसावं म्हणून कुदळ बादलीत भिजत ठेवली.